ई-व्हेरिफाय : कागद चोख तपासणारी, नोकऱ्या राखण्यात तोकडी पडणारी सेवा

नव्या कर्मचाऱ्याला अमेरिकेत काम करण्याचा परवाना आहे का, हे मालकाला ऑनलाइन तपासून देणारी सरकारी सेवा म्हणजे ई-व्हेरिफाय. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या मराठी घरांत हे नाव बहुधा नोकरीच्या शोधाशोधीत पहिल्यांदा कानावर पडते. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांतील पदवीधराला ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करण्याच्या मुभेची, २४ महिन्यांची मुदतवाढ हवी असेल, तर त्याला कामावर घेणारी कंपनी या सेवेत नोंदलेली असावी लागते. त्यामुळे पगाराच्या चौकशीपाठोपाठ ‘कंपनी ई-व्हेरिफायमध्ये आहे ना?’ हा प्रश्न ठरलेला असतो. विद्यार्थ्यांची सोय पाहावी म्हणून मात्र ही सेवा उभी राहिलेली नाही. काम करण्याचा परवाना नसलेल्या माणसाला पगारपत्रकावर येऊ द्यायचे नाही आणि त्याने घेतली असती ती नोकरी नागरिकाला किंवा परवानाधारकाला मिळू द्यायची, हा तिचा मूळ हेतू. अमेरिकी कंपनीत भरतीची कागदपत्रे हाताळण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे या सेवेचा संगणकावरील पडदा माझ्या रोजच्या सवयीचा आहे. म्हणून येथे दोन गोष्टींचे परीक्षण वेगवेगळे करतो: सेवा वापरायला कशी आहे, आणि जे साधण्यासाठी ती आणली ते तिने कितपत साधले. पहिल्या बाबतीत पाचपैकी चार तारे, दुसऱ्या बाबतीत दोन.

सेवा विनामूल्य आहे. होमलँड सिक्युरिटी (अंतर्गत सुरक्षा) विभागाच्या अखत्यारीतील यूएससीआयएस ही नागरिकत्व आणि स्थलांतराचे काम पाहणारी संस्था ती सामाजिक सुरक्षा प्रशासनाच्या साहाय्याने चालवते. मालकाने एक करारपत्र मान्य करून नाव नोंदवायचे, छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचणी पूर्ण करायची, की खाते सुरू. त्यानंतर प्रत्येक नव्या माणसाचा आय-९ फॉर्म, म्हणजे ओळख आणि कामाचा परवाना दाखवणाऱ्या कागदपत्रांची नोंद, नेहमीप्रमाणे भरून घ्यायचा आणि तो कामावर रुजू झाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत त्यातील नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर (सामाजिक सुरक्षा प्रशासनाने दिलेला व्यक्तिगत क्रमांक) आणि कागदपत्रांचा तपशील संकेतस्थळावर टाकायचा. बहुतेक वेळा काही सेकंदांत ‘एम्प्लॉयमेंट ऑथराइज्ड’ (कामास पात्र) असे उत्तर येते आणि प्रकरण बंद करता येते. उमेदवाराने ग्रीन कार्ड, कामाचा परवाना किंवा अमेरिकी पासपोर्ट दाखवला असेल, तर सरकारच्या नोंदीतील छायाचित्र पडद्यावर येते. ते हातातील कार्डावरच्या छायाचित्राशी जुळते का, एवढेच मालकाने सांगायचे असते. येथे एक बारकावा नवख्या माणसाच्या हमखास नजरेतून सुटतो. समोर बसलेल्या व्यक्तीचा चेहरा पडद्यावरील छायाचित्राशी ताडून पाहायचा नसतो, तर कार्डावरचे छायाचित्र ताडायचे असते. माणूस आणि कार्ड यांची जुळणी आय-९ भरतानाच झाली, असे गृहीत धरलेले असते. ड्रायव्हिंग लायसन्सवरील छायाचित्राची अशी पडताळणी होतच नाही, आणि अमेरिकेत ओळख म्हणून सर्रास दाखवले जाते ते लायसन्सच.

नोंदी जुळल्या नाहीत, तर तात्पुरती विसंगती दाखवली जाते. अशा वेळी मालकाने संबंधिताला खासगीत बोलावून लेखी सूचना द्यायची, आणि त्याने हरकत घ्यायची ठरवली तर सामाजिक सुरक्षा कार्यालयात जाण्यासाठी अथवा होमलँड सिक्युरिटीशी संपर्क साधण्यासाठी त्याला सरकारी कामकाजाचे आठ दिवस मिळतात. तोवर त्याला कामावरून काढता येत नाही, पगार रोखता येत नाही, पाळ्याही कमी करता येत नाहीत. नोकरी देऊ करण्याआधीच उमेदवाराची चौकशी करून पाहणे, किंवा ज्याचे नाव परके वाटते त्याचीच तेवढी तपासणी करणे, दोन्हींना बंदी आहे. नियम म्हणून हे सारे न्याय्य आहे. तरीही विसंगतीचा फेरा जन्माने नागरिक असलेल्यांपेक्षा परदेशात जन्मून पुढे नागरिक झालेल्यांना अधिक वेळा पडतो, हे सरकारनेच करवून घेतलेल्या मूल्यमापनांत दिसून आलेले आहे. लग्नानंतर आडनाव बदलले पण सामाजिक सुरक्षा कार्यालयाला कळवायचे राहिले, किंवा नागरिकत्व मिळाले तरी तेथील नोंद जुनीच राहिली, एवढे कारण त्याला पुरते. एका कागदावर वडिलांचे नाव मधले म्हणून, दुसऱ्यावर पहिल्या नावाला जोडून आणि तिसऱ्यावर अजिबात नाही, अशी आपल्याकडच्या नावांची जी तऱ्हा असते, ती पाहता मराठी वाचकांनी नवी नोकरी धरण्यापूर्वी आपल्या सर्व नोंदी एकसारख्या करून घेतलेल्या बऱ्या.

वापरण्याच्या दृष्टीने खटकणारी गोष्ट एकच. संघराज्य सरकारचा निधी थांबला की ही सेवाही थांबू शकते. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ या ३५ दिवसांच्या टाळेबंदीत ती बंद होती आणि ऑक्टोबर २०२५ मधील टाळेबंदीच्या आरंभीही काही दिवस बंद राहिली. त्या काळात भरती चालू राहते, आय-९ भरावाच लागतो. फक्त ऑनलाइन पडताळणीचे काम साचते. कायद्याने ज्या सेवेची सक्ती करायची तीच अशी मध्येच मिटणे हे सरकारला शोभणारे नाही, पण एवढ्याने ती वाईट ठरत नाही.

आता दुसरा, अधिक महत्त्वाचा भाग. १९८६ च्या कायद्याने अमेरिकेत प्रथमच, परवाना नसलेल्या माणसाला ‘जाणूनबुजून’ कामावर ठेवणे हा मालकाचा गुन्हा ठरवला आणि आय-९ फॉर्म आणला. त्या कायद्याने मालकावर टाकलेली जबाबदारी फार हलकी होती: कागद वरकरणी खरा वाटला की पुरे. उलट, खऱ्या वाटणाऱ्या कागदावर शंका घेऊन आणखी पुरावे मागितले, तर भेदभावाचा आरोप येण्याची भीती. साहजिकच बनावट कार्डांचा बाजार तेजीत आला. त्यावर उतारा म्हणून १९९६ च्या कायद्यान्वये १९९७ मध्ये ‘बेसिक पायलट’ नावाची ऐच्छिक पडताळणी सुरू झाली आणि तिचेच नाव २००७ मध्ये ई-व्हेरिफाय झाले. मनाने रचलेल्या नंबराचे बनावट कार्ड या पडताळणीत टिकत नाही, हे तिचे खरे यश. पण त्याचा परिणाम असा झाला की बनावट नंबराऐवजी दुसऱ्या जिवंत माणसाचा खरा नंबर, त्याच्याच नावासह आणि जन्मतारखेसह, वापरला जाऊ लागला.

स्विफ्ट या मांसप्रक्रिया कंपनीचे उदाहरण या सेवेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने पाहावे असे आहे. ही कंपनी पहिल्यापासून, म्हणजे १९९७ पासून, बेसिक पायलटमध्ये होती. १२ डिसेंबर २००६ रोजी कोलोरॅडोतील ग्रीली, आयोवातील मार्शलटाउन, नेब्रास्कातील ग्रँड आयलंड अशा तिच्या सहा कारखान्यांवर एकाच दिवशी छापे पडले आणि सुमारे १,३०० कामगार पकडले गेले. पडताळणी तर झाली होती; नंबर खरे होते, माणसे दुसरीच होती. छायाचित्र जुळवण्याची सोय त्यानंतर, २००७ मध्ये आली. ती आल्यावरही दुखणे गेले नाही. वेस्टॅट या संस्थेने सरकारसाठी केलेल्या आणि २००९ मध्ये सादर झालेल्या मूल्यमापनात असा अंदाज निघाला की या यंत्रणेतून गेलेल्या परवाना नसलेल्या कामगारांपैकी सुमारे ५४ टक्क्यांना तिने कामासाठी पात्र ठरवले होते. ज्यांच्यासाठी चाळणी लावली त्यांतले निम्म्याहून अधिक तिच्यातून पार होत असतील, तर तिच्या भरवशावर रोजगाराचे धोरण आखणे धाडसाचेच म्हणावे लागेल.

हा अंदाज जुना आहे, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्तही आहे. मिसिसिपी राज्याने २००८ मध्ये कायदा करून टप्प्याटप्प्याने २०११ पर्यंत सर्व मालकांना ई-व्हेरिफाय सक्तीचे केले; त्याच मिसिसिपीत ७ ऑगस्ट २०१९ रोजी कोंबडी प्रक्रिया कारखान्यांवरील छाप्यांत ६८० जण पकडले गेले. जून २०२५ मध्ये ओमाहातील एका मांसप्रक्रिया कारखान्यावर छापा पडला, तेव्हा आम्ही प्रत्येकाची ई-व्हेरिफाय तपासणी केली होती, असे मालकाचे म्हणणे होते. पुढच्याच महिन्यात मेन राज्यातील एका किनारी गावच्या पोलीस दलात हंगामी कामावर असलेल्या जमैकन तरुणाला अटक झाली. गावाने ई-व्हेरिफायचा होकार मिळाल्याचे सांगितल्यावर होमलँड सिक्युरिटीनेच गावाला बोल लावले की या सेवेवर असे डोळे झाकून विसंबायचे नसते. ज्या विभागाची सेवा, त्याच विभागाने तिच्या उत्तरावर विसंबल्याबद्दल ग्राहकाची कानउघाडणी करावी, असा प्रकार खासगी धंद्यात खपला नसता.

तरीही जी राज्ये ही सेवा सक्तीची करतात तेथे तिचा परिणाम होतो, आणि तो नेमका कोणावर होतो यातच विषयाचे सार आहे. ॲरिझोनाचा कायदा २००७ च्या जुलैत संमत झाला आणि १ जानेवारी २००८ पासून राज्यातील प्रत्येक मालकाला लागू झाला. त्यावर सही करणाऱ्या गव्हर्नर जॅनेट नापोलितानो पुढे होमलँड सिक्युरिटीच्या मंत्री झाल्या, म्हणजे ही सेवा त्यांच्याच हाताखाली आली. दुसऱ्यांदा गुन्हा केल्यास धंद्याचा परवाना कायमचा रद्द, अशी जरब त्या कायद्यात होती आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो वैध ठरवला. कॅलिफोर्नियाच्या पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मंदीचा आणि घरबांधणी कोसळल्याचा परिणाम वेगळा काढण्यासाठी इतर राज्यांशी तुलना करून, असे मांडले की कायद्यामुळे राज्यातील नागरिक नसलेली हिस्पॅनिक लोकसंख्या सुमारे ९२,००० ने, म्हणजे १७ टक्क्यांनी घटली. एवढी माणसे गेल्यावर त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या, कमी शिकलेल्या कायदेशीर कामगारांना काम मिळणे सोपे झाले असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. त्या अभ्यासाला तसा पुरावा मिळाला नाही. राज्यात मागे राहिलेले, परवाना नसलेले लोक मात्र पगारपत्रकावरून उतरून स्वयंरोजगारात, म्हणजे बागकामाच्या, साफसफाईच्या, रंगकामाच्या उक्त्या कामांत शिरले. ई-व्हेरिफाय तपासते ती नोकरी. कंत्राट तपासत नाही. घर रंगवायला आलेल्या माणसाचा आय-९ कोणी भरत नाही.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही सांगायला हवा. ऑरेनियस आणि झावोडनी या अर्थतज्ज्ञांनी सक्ती करणाऱ्या राज्यांचा अभ्यास केला. परवाना नसण्याची शक्यता अधिक असलेल्या मेक्सिकन पुरुषांची ताशी मजुरी तेथे सुमारे ८ टक्क्यांनी उतरली आणि त्यांच्याशी थेट स्पर्धेत असलेल्या काही गटांची, मुख्यतः नागरिकत्व घेतलेल्या मेक्सिकन स्थलांतरितांची आणि अमेरिकेत जन्मलेल्या हिस्पॅनिकांची, स्थिती काही अंशी सुधारली, असे त्यांना आढळले. म्हणजे नागरिकांना फायदा शून्य होतो, असे म्हणणेही बरोबर नाही. तो फायदा झाला तर अगदी शेजारच्या पायरीवर उभ्या असलेल्यांना होतो. अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडेमीजच्या २०१६ च्या मोठ्या अहवालाचा सूरही असाच होता: एकूण स्थलांतराचा एकंदर मजुरीवरील दीर्घकालीन परिणाम फार थोडा, जेथे तोटा दिसतो तेथे तो आधी आलेल्या स्थलांतरितांना आणि शालेय शिक्षण अर्धवट सोडलेल्या नागरिकांना. १९८० मध्ये मारिएल बंदरातून सुमारे १,२५,००० क्यूबन आल्याने मायामीची कामगारसंख्या अचानक जवळजवळ ७ टक्क्यांनी वाढली, तिच्या परिणामावरून अर्थतज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. डेव्हिड कार्ड यांना १९९० मध्ये स्थानिकांच्या मजुरीवर परिणाम दिसला नाही. जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी शाळा सोडलेल्या, हिस्पॅनिक नसलेल्या पुरुषांपुरती पाहिली तेव्हा मजुरीत १० ते ३० टक्क्यांची घट दिसली. आणि त्यांचा नमुना फार लहान आहे, असे इतरांनी दाखवून दिले. मला या वादातून एवढेच घ्यावेसे वाटते की ‘नागरिकांच्या नोकऱ्या’ असे सरसकट बोलण्यात अर्थ नाही. संगणक अभियंत्याची नोकरी आणि कत्तलखान्यातील सुरीवरची पाळी यांचे दुखणे एक नव्हे.

त्या पाळीवरच्या नागरिकाचे दुखणे खरे आहे. शेजारी उभा असलेला माणूस जादा कामाचे पैसे मागू शकत नाही, बोट कापले तर नुकसानभरपाईचा दावा करायला धजावत नाही, संघटनेच्या पत्रकावर सही करत नाही. मग त्या कारखान्यात मजुरीचा आणि सुरक्षेचा दर त्याच्या भीतीवर ठरतो आणि तोच दर नागरिकालाही पत्करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ मधील हॉफमन प्लास्टिक खटल्याने ही भीती आणखी पक्की केली. संघटनेत भाग घेतला म्हणून काढलेल्या, परवाना नसलेल्या कामगाराला बुडालेल्या पगाराची भरपाई मिळणार नाही, असा पाच विरुद्ध चार मतांचा तो निर्णय होता. मालकाच्या हिशेबाने पाहिले, तर त्या दिवसापासून असा कामगार कायदेशीर कामगारापेक्षा आणखी स्वस्त झाला. या हिशेबाला ई-व्हेरिफाय हात लावत नाही. उलट मालकाने पडताळणी केली असेल तर त्याने ‘जाणूनबुजून’ नेमले नाही, असे कायदा प्रथमदर्शनी मानतो. म्हणजे होकाराचा तो पडदा मालकासाठी ढालही ठरतो. मिसिसिपीत ६८० कामगार एका दिवसात पकडले गेले आणि आरोपपत्रे जी झाली ती पुढच्या वर्षी, चार व्यवस्थापकांवर.

सेवेचे समर्थक म्हणतात की चाळणी कडक करा, मजुरी आपोआप वाढेल आणि नागरिक पुढे येतील. काही ठिकाणी ते घडतेही. मिसिसिपीतील छाप्यानंतर काही दिवसांतच भरलेल्या भरती मेळाव्याला स्थानिक लोक आले होते. शेतीत मात्र हे गणित नेहमी चुकते. मेक्सिकन हंगामी मजुरांचा ‘ब्रासेरो’ कार्यक्रम १९६४ च्या अखेरीस बंद केला, तेव्हा सुमारे पाच लाख मजुरांची वाट बंद झाली आणि ती नागरिकांची मजुरी वाढावी म्हणूनच बंद केली होती. क्लेमन्स, लुईस आणि पोस्टेल या अभ्यासकांनी २०१८ मध्ये त्या काळची आकडेवारी तपासली, तेव्हा मजुरी वाढल्याचे दिसले नाही. शेतकऱ्यांनी टोमॅटोसाठी तोडणी यंत्रे आणली आणि जेथे यंत्र नव्हते तेथे पीकच बदलले. जॉर्जियाने २०११ मध्ये ई-व्हेरिफायच्या सक्तीसह कडक कायदा केला, त्या उन्हाळ्यात काढणीला माणसे मिळेनात, तेव्हा शिक्षेनंतर देखरेखीखाली असलेल्यांना शेतात पाठवावे असा उपाय गव्हर्नरने सुचवला. त्यांतले बरेच उन्हात टिकले नाहीत. याचा दोष त्यांच्या माथी मारणे सोपे आहे. त्या मजुरीत आणि त्या वेगाने ते काम वर्षानुवर्षे सराव असलेल्यालाच जमते, हे मान्य करणे जास्त कठीण जाते.

मग ही सेवा घ्यावी का? मालकाने जरूर घ्यावी. पैसे पडत नाहीत, चौकशीच्या वेळी बाजू भक्कम राहते, आणि ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हेरिफायमधील मालकांना आय-९ ची कागदपत्रे व्हिडिओवरून तपासण्याची मुभा आहे, ती दूरस्थ भरतीत फार उपयोगी पडते. फ्लोरिडात तर २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी मालकांना १ जुलै २०२३ पासून पर्यायच उरलेला नाही. मात्र आपल्या शहरातील रोजगार तिच्यामुळे नागरिकांकडे वळेल, ही अपेक्षा कोणत्याही कायदेमंडळाने ठेवू नये. त्यासाठी मजुरी आणि कामाचे तास तपासणाऱ्या निरीक्षकांची फौज लागते. परवाना नसलेल्यालाही किमान वेतन आणि जादा कामाचे पैसे द्यावेच लागले, तर त्याला निवडण्यात मालकाचा फायदा उरत नाही.

आणि सेवेतच एक बदल मागायचा झाला, तर तो ‘सेल्फ लॉक’ या सोयीबद्दल असेल. मायई-व्हेरिफाय या कामगारांसाठीच्या संकेतस्थळावर खाते उघडून कोणालाही आपला सोशल सिक्युरिटी नंबर कुलूपबंद करता येतो. मग तो नंबर टाकून दुसऱ्या कोणी नोकरी धरू पाहिली तर विसंगती दिसते. नवी नोकरी धरताना आपणच ते उघडायचे. स्विफ्टच्या कारखान्यांत ज्यांचे नंबर वापरले गेले त्यांच्या प्रकाराला हा नेमका उपाय आहे. परंतु ही सोय मागणाऱ्यालाच मिळते, आणि ती आहे हे बहुतेक लोकांना ठाऊकही नसते. नंबर मुळातच बंद असावा आणि नोकरी धरताना ज्याचा त्याने उघडावा, असा क्रम उलटा केला, तर त्या ५४ टक्क्यांतला मोठा हिस्सा पहिल्याच पडद्यावर अडेल.